आडवे चाक, उभा कणा

जलचक्कीचा इतिहास सांगणारी पुस्तके बहुधा एक शिडी मांडतात. सर्वांत खालच्या पायरीवर हाताने ओढायचे जाते, वरच्या पायरीवर बैल किंवा गाढव जुंपून फिरवायची चक्की, मग ओढ्याच्या पाण्यावर फिरणारे आडवे चाक, त्यानंतर उभे चाक आणि त्याला जोडलेला दातेरी चाकांचा पसारा, आणि शेवटी टर्बाइन. या शिडीत हिमालयातल्या घराटाच्या, म्हणजे तिथल्या आडव्या चाकाच्या पाणचक्कीच्या, वाट्याला तिसरी पायरी येते. प्रवासवर्णनांत आणि सरकारी अहवालांतही त्याच्यामागे ‘प्राथमिक’, ‘ओबडधोबड’, ‘पारंपरिक’ अशी विशेषणे इतक्या सहजपणे लागतात की ती तपासून पाहावीत असे कोणाला वाटत नाही. ही मांडणी चुकीची आहे, असे मला या प्रस्तावनेत दाखवायचे आहे. तीव्र उताराचा, थोड्या पाण्याचा, लोखंड महाग आणि लाकूड-दगड मुबलक असलेला मुलुख समोर ठेवून आज एखाद्या अभियंत्याने दळणाचे यंत्र नव्याने आखायला घेतले, तर तो घराटाच्या फार जवळ पोहोचेल. घराट हे त्या परिस्थितीला दिलेले पूर्ण विचारांती आलेले उत्तर आहे. त्याची इमारत, त्याचे यंत्र आणि त्याचे पाणी यांना वेगळे काढून पाहिले की ते अपुरे वाटते. तिन्ही एकत्र वाचले की त्यातला हिशेब दिसू लागतो.

शब्द मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही. संस्कृतात ‘घरट्ट’ म्हणजे दळायचा दगड, आणि जुन्या मराठीतही मोठ्या जात्याला ‘घरट’ म्हणत. गढवाल आणि हिमाचलात तो घराट झाला, कुमाऊँत आणि नेपाळात घट किंवा घट्ट. लडाखमध्ये याच यंत्राला रंतक म्हणतात, तर अरुणाचलातल्या मोनपा लोकांकडे पाण्यावर फिरणाऱ्या चक्कीचे नाव छुस्कोर आहे. एकट्या नेपाळात असे सुमारे २५,००० घट्ट असल्याचा अंदाज वारंवार दिला जातो. नावे बदलतात, दगडाची जात बदलते, छपराला कुठे पाटीचा दगड तर कुठे गवत येते, पण काश्मीरपासून अरुणाचलापर्यंत यंत्राचा गाभा तोच राहतो. दोन हजार किलोमीटरहून लांब पसरलेल्या, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या डोंगरी मुलखात एकच रचना टिकते, तेव्हा त्यामागे निव्वळ सवय किंवा अज्ञान असेल हे पटणे कठीण आहे.

घराटाची वास्तू त्याच्या भिंतींपासून सुरू होत नाही. ती वर, ओढ्यातच सुरू होते. पावसाळा ओसरला की पात्रात धोंडे रचून आणि फटींत झाडपाला, माती कोंबून एक तात्पुरता बांध घातला जातो आणि पाण्याचा थोडा भाग बाजूच्या पाटात वळवला जातो. या पाटाला गढवाल-कुमाऊँत गूल म्हणतात, हिमाचलात कूल. ओढा उताराने झपाट्याने खाली जातो आणि गूल डोंगराच्या कडेने जवळजवळ सपाट चालते. म्हणून काही अंतर गेल्यावर दोघांच्या पातळीत तीन, चार, कधी सहा मीटरांचा फरक पडतो, आणि हा फरक हेच घराटाचे इंधन. गूल जिथे संपते तिथे तिरकी पन्हळ लावलेली असते, चीड किंवा देवदाराचे खोड कोरून केलेली. ती वर रुंद आणि खाली अरुंद असते, त्यामुळे खाली येईस्तोवर पाण्याची घट्ट धार बनते. पन्हळीच्या तोंडाशी काड्यांची जाळी असते, म्हणजे पाने आणि दगड चाकावर जात नाहीत. शेजारीच जादा पाणी सोडून देण्याची वाट असते. मुख्य ओढ्यापासून इमारत मुद्दाम बाजूला ठेवलेली असते. पुरात ओढ्यातला बांध वाहून जातो, गूल कोरडी पडते आणि घराट वाचतो. दरवर्षी मोडणारा बांध हा कच्चेपणा वाटतो खरा, पण पक्का बांध घातला असता तर पहिल्याच मोठ्या पुराने आपला सगळा जोर पाटावर आणि चक्कीवर काढला असता. वायरिंगमधला फ्यूज जसा ठरवून कमकुवत ठेवतात, तसाच हा बांध.

इमारत दोन मजली म्हणावी तर वरचा मजला एक खोली आणि खालचा एक गुहा. खालच्या दगडी पोकळीत चाक फिरते आणि पाणी आरपार निघून जाते. वरच्या खोलीत दळण चालते. भिंती सुक्या रचलेल्या दगडांच्या किंवा मातीत बांधलेल्या, मध्येमध्ये लाकडाच्या पट्ट्या घातलेल्या. गढवालात छपरावर पठाल, म्हणजे पाटीच्या दगडाच्या जाड फरशा. दार बुटके, खिडकी असली तर हातभर. वारा पीठ उडवतो, म्हणून उघडी जागा जितकी कमी तितकी बरी. या साधेपणात बांधकामाची एक चतुराई दडलेली आहे. फिरणारा वरचा दगड, लोखंडी दांडा, लाकडी कणा आणि चाक यांचे सगळे वजन एका टोकावर, खाली पाण्यात ठेवलेल्या एका टणक दगडावर पेललेले असते. ७० सेंटिमीटर व्यासाचा आणि १२ सेंटिमीटर जाडीचा दगड धरला, तर त्याचेच वजन १०० किलोच्या पुढे जाते. हे फिरते वजन भिंतींवर येत नाही. त्यांना फक्त छप्पर पेलायचे असते, आणि जमिनीच्या तुळयांना स्थिर असलेली खालची तळी. म्हणून सुक्या दगडांच्या भिंतीही चक्कीच्या हादऱ्यांनी सुटत नाहीत. युरोपातल्या उभ्या चाकाच्या गिरण्यांत हाच प्रश्न सोडवण्यासाठी इमारतीच्या आत जाड ओकच्या तुळयांचा स्वतंत्र सांगाडा उभारावा लागे. घराटात त्याची गरजच पडत नाही, कारण यंत्राचा भार सरळ रेषेत जमिनीत उतरतो.

आता यंत्राकडे वळू. ‘आडवे चाक’ या शब्दाने थोडा घोळ होतो, म्हणून स्पष्ट करतो: चाक जमिनीला समांतर झोपलेले असते आणि त्याचा कणा उभा असतो. बैलगाडीच्या चाकाला जसा तुंबा असतो तसा जाड लाकडी तुंबा, आणि त्यात तिरकी खोचलेली लाकडी पाती, बारा-सोळा किंवा अधिक. पन्हळीतली धार चाकाच्या एका बाजूच्या पात्यांवर आदळते आणि चाक फिरू लागते. तुंब्याच्या खालच्या टोकाला लोखंडी अणी असते आणि ती गारेच्या किंवा तशाच कठीण दगडातल्या खळग्यात टेकते. ही जागा सतत पाण्याखाली असते, म्हणून तिला तेल-वंगण लागत नाही. पाणीच तिला थंड ठेवते. वरच्या बाजूला तुंब्यात बसवलेला लोखंडी दांडा तळीच्या मधल्या भोकातून वर येतो. त्या भोकात लाकडी गुटका ठोकलेला असतो. दांडा त्यातून फिरतो आणि धान्यही खाली गळत नाही. दांड्याच्या डोक्यावरची लोखंडी आडपट्टी वरच्या दगडाच्या पोटातल्या खाचेत बसते, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर दगडाचा एक फेरा होतो. आपल्या जात्यात मधला खुंटा स्थिर असतो आणि वरचा दगड त्याभोवती फिरतो. इथे खुंट्यालाच फिरायला शिकवले आहे आणि दगड त्याच्या डोक्यावर बसवला आहे. जाते ज्याने रोज पाहिले आहे त्याला घराट समजायला एवढा एकच बदल पुरतो.

वैरण घालायचे काम यंत्र स्वतः करते, आणि मला विचाराल तर घराटातला सर्वांत देखणा भाग हाच. छपराच्या वाशांना धान्याची निमुळती टोपली किंवा लाकडी पेटी टांगलेली असते आणि तिच्या तळाशी एक छोटी उतरती पन्हळी. या पन्हळीला बांधलेली एक काडी फिरत्या दगडावर सैल टेकलेली असते. दगडाच्या खडबडीत पाठीवर ती टकटक उडते, पन्हळी हादरते आणि दाणे दगडाच्या तोंडात पडतात. पाणी वाढले की दगड वेगाने फिरतो, काडी जास्त उडते, दाणे जास्त पडतात, आणि जास्त दाण्यांचा भार दगडाला पुन्हा आवरतो. पाणी कमी झाले की हेच उलट घडते. यंत्राने स्वतःची गती पाहून स्वतःचे काम कमीजास्त करणे याला आज स्वयंनियंत्रण म्हणतात. इथे ते एका काडीने साधले आहे. पिठाची जाडी बदलण्यासाठी वेगळी सोय आहे. पाण्यातला अणीचा दगड ज्या तुळईवर बसवलेला असतो, तिचे एक टोक उभ्या काठीने वरच्या खोलीशी जोडलेले असते. काठीखाली पाचर ठोकली की तुळई किंचित वर येते आणि तिच्याबरोबर चाक, दांडा व वरचा दगडही. दोन दगडांमधली फट केसभर वाढते. मक्याचा भरडा हवा की गव्हाचे बारीक पीठ, हे त्या पाचरीवर ठरते. चक्की थांबवायची तर पन्हळीची धार चाकावरून बाजूला वळवायची. दगड गुळगुळीत झाले की टाकी लावायची, अगदी जात्याला लावतात तशीच.

आता आकडे पाहू, कारण माझ्या म्हणण्याचा खरा आधार तिथे आहे. चार मीटर उंचीवरून घसरत आलेल्या पाण्याचा वेग, घर्षण नसते तर, सेकंदाला सुमारे ८.९ मीटर झाला असता. पन्हळीतली घट धरून आठ मीटर समजू. अशा धारेकडून जास्तीत जास्त काम करून घ्यायचे तर पात्यांचा वेग तिच्या साधारण निम्मा असावा लागतो, म्हणजे सेकंदाला चार मीटर. ८० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा घेर अडीच मीटर. म्हणजे ते सेकंदाला दीडहून थोडे अधिक, मिनिटाला ९५ ते १०० फेरे घेईल. आणि ७० सेंटिमीटरच्या दगडाला धान्य नीट दळायला, पण फारसे तापवायला नाही, असा वेगही साधारण एवढाच लागतो. पाण्याला सोयीचा वेग आणि दगडाला सोयीचा वेग एकच निघाला, म्हणून मध्ये गती बदलणारे काहीही लागत नाही. हा मेळ योगायोगाने पडलेला नाही. पन्हळीची उंची आणि चाकाचा व्यास दोन्ही बांधणाऱ्याच्या हातात असतात. उंची कमी तर चाक लहान, उंची जास्त तर चाक मोठे. सूत्र न लिहिता पिढ्यान्‌पिढ्या हा मेळ साधला गेला आहे. शक्तीचा हिशेबही असाच करता येतो. सेकंदाला ६० लिटर पाणी चार मीटर खाली येताना सुमारे २,३५० वॅट देऊ शकते. लाकडी पात्यांचे चाक त्यातले चौथाई पकडते असे धरले तरी हाती ६०० वॅटच्या जवळपास येतात. माणूस दिवसभर टिकेल अशा बेताने काम करतो तेव्हा ७५ वॅट देतो. म्हणजे एक घराट आठ जणांचे हात आहे, आणि ते रात्रीही थांबत नाहीत.

याच कामासाठी इंग्लंड-फ्रान्सच्या सखल खेड्यांत उभारलेली उभ्या चाकाची गिरणी पाहा. चार मीटर व्यासाचे, वरून पाण्याने भरणारे चाक मिनिटाला जेमतेम आठ-नऊ फेरे घेते. दगडाला शंभरच्या पुढे फेरे हवे असतात, म्हणून गती बारा-चौदा पट वाढवावी लागते. शिवाय चाकाचा कणा आडवा आणि दगडाचा उभा, तेव्हा गतीची दिशाही बदलावी लागते. त्यासाठी एकामागून एक मोठी-लहान दातेरी चाके, त्यांचे कठीण लाकडाचे बदलते दात, ते घडवणारा निष्णात सुतार, आणि हे सर्व पेलणारा सांगाडा. विट्रूव्हियस या रोमन स्थापत्यकाराने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात दातेरी चाकांच्या जलचक्कीचे वर्णन केले, तेव्हापासून युरोपची बुद्धी या दातांवर खर्च होत राहिली आणि तिथून पुढे घड्याळांपासून कापडगिरण्यांपर्यंत बरेच काही निघाले. त्याचे मोल मी नाकारत नाही. पण ही गुंतागुंत त्या मुलखाची गरज होती. जिथे नदी रुंद, पाणी भरपूर आणि उतार कमी, तिथे धारेचा वेग मिळतच नाही. पाण्याचे वजन वापरावे लागते आणि वजन सावकाश काम करते. डोंगरात वेग फुकट मिळतो. तिथे दातेरी चाक बसवणे म्हणजे नसलेला प्रश्न सोडवणे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप कार्यक्षमतेचा आहे. जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने १७५९ साली रॉयल सोसायटीपुढे प्रतिकृतींवरचे आपले प्रयोग मांडले. खालून ढकलले जाणारे उभे चाक पाण्याच्या शक्तीचा एक-पंचमांशाहून थोडा अधिक भाग वापरते आणि वरून भरले जाणारे चाक जवळजवळ दोन तृतीयांश, हे त्यातून दिसले. त्यापुढे घराटाची चौथाई फिकी पडते, असे कोणी म्हणेल. पण आकडे नीट वाचले तर दिसते, की इथे घराटाची तुलना वरून भरणाऱ्या उत्तम चाकाशी केली जाते, खालून ढकलल्या जाणाऱ्या असंख्य साध्या चाकांशी केली जात नाही. आणि त्यांच्या पंगतीत घराट मुळीच मागे नाही. दुसरे, कार्यक्षमता मोजताना छेदस्थानी काय ठेवायचे हे आधी ठरवावे लागते. पाणी महाग असेल तर प्रत्येक लिटरमागे किती दळले हे पाहावे. हिमालयात पाणी चक्कीतून जाऊन पुन्हा ओढ्याला किंवा शेताला मिळते. खर्च होते ते लोखंड, रोकडा पैसा आणि डोंगर चढून आणायचे ओझे. मणभर लोखंडामागे किती दळले असा हिशेब केला तर घराटाच्या जवळ येणारे यंत्र सापडणे अवघड. तरी या आक्षेपात एक खरी बोच आहे आणि ती मान्य केली पाहिजे. चैत्र-वैशाखात ओढे आटतात, त्याच पाण्यावर शेतीचाही हक्क असतो, आणि तेव्हा चौथाईवर काम करणारे चाक बंद पडते, जिथे निम्म्या शक्तीवर काम करणारे चालू राहिले असते. लाकडी पात्यांच्या जागी पेल्यासारखी वळलेली धातूची पाती आणि अणीच्या जागी बेअरिंग बसवण्याचे प्रयत्न याच कारणाने झाले आणि ते योग्य होते.

शिडीच्या कल्पनेला इतिहासही साथ देत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये नेंड्रम इथल्या मठाची भरती-ओहोटीवर चालणारी चक्की उत्खननात सापडली. तिच्या लाकडाच्या वर्षवलयांवरून ती इसवी सन ६१९ ते ६२१ मध्ये बांधली गेली असे ठरले, आणि तिचे चाक आडवे होते. इंग्लंडातल्या टॅमवर्थची नवव्या शतकातली चक्कीही आडव्या चाकाची. म्हणजे विट्रूव्हियसने उभे चाक वर्णिल्यानंतर कित्येक शतकांनी, जाणत्या कारागिरांनी, राजांच्या आणि मठांच्या आश्रयाखाली आडवे चाक निवडले. फ्रान्समध्ये तुलूझ शहरातल्या गारोन नदीवरच्या बाझाक्ल गिरण्या आडव्या चाकांवर चालत. त्यांची मालकी भागधारकांकडे होती आणि चौदाव्या शतकातल्या त्या व्यवस्थेला भागभांडवली कंपनीचे एक आद्य रूप मानले जाते. बेलिडोर या फ्रेंच अभियंत्याने अठराव्या शतकात आपल्या जलस्थापत्यावरच्या ग्रंथात अशा विहिरीसारख्या पिंपात बसवलेल्या आडव्या चाकांची नोंद केली. पुढे क्लोद ब्युर्दँ यांनी ‘टर्बाइन’ हा शब्द घडवला, तो भोवरा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून; आणि त्यांचे शिष्य बेन्वा फुर्नेरों यांनी १८२७ साली पहिले यशस्वी टर्बाइन चालवले. त्याचा कणा उभा होता आणि चाक आडवे. शिडीवर सर्वांत वरची पायरी ज्याला दिली जाते, तो उभ्या चाकाचा वारस नसून आडव्या चाकाच्या घराण्यातला निघतो. वळलेल्या पात्यांवर धार सोडण्याचे तत्त्व आजच्या जलविद्युत केंद्रांतल्या पेल्टन चाकातही आहे.

पण चक्की म्हणजे नुसते यंत्र नव्हे, तिच्यावर कोणाचा हक्क आहे हाही तिच्या रचनेचाच भाग आहे. मार्क ब्लोक या फ्रेंच इतिहासकाराने १९३५ साली जलचक्कीवरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले, की मध्ययुगीन युरोपात तिचा प्रसार केवळ सोयीमुळे झाला नाही. जमीनदारांनी कुळांना आपल्याच गिरणीत दळण्याची सक्ती केली. इंग्लंडातल्या सेंट ऑल्बन्सच्या मठाधिपतीने १३३१ च्या सुमारास रयतेची हातजाती जप्त केली आणि ते दगड मठाच्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवले. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या उठावात लोकांनी ती फरशी उखडून तिचे तुकडे घरोघर नेले. उभ्या चाकाची महागडी गिरणी उभारणे सामान्य गावकऱ्याच्या आवाक्याबाहेर होते, म्हणून ती सत्तेच्या हाती गेली, आणि महाग यंत्राचा खर्च वसूल करायला सक्ती आली. आयर्लंडच्या प्राचीन कायद्यात याउलट वहिवाट दिसते. चक्कीला नेलेल्या पाण्याच्या नात्याविषयी तिथे सातव्या शतकाच्या सुमाराचा स्वतंत्र कायदाग्रंथच आहे, आणि ज्यांच्या जमिनीतून पाट जातो त्यांना मोबदला किंवा पाळी मिळावी याची त्यात व्यवस्था आहे. तिथेही चाके बहुतांशी आडवी होती. हिमालयातला घराट याच जातकुळीचा. एकाच गुलीवर एकाखाली एक असे कित्येक घराट असतात. वरच्याचे वाया जाणारे पाणी खालच्याची शक्ती बनते आणि शेवटी शेतात शिरते. दळणावळ पिठाच्या किंवा धान्याच्या वाट्यात घेतली जाते. जाते घरात राहतेच, जप्त होत नाही. ब्रिटिश सरकारने १९१७ च्या कुमाऊँ जल नियमांनी ओढे-नद्यांच्या पाण्यावर राज्याची मालकी सांगितली, तेव्हा आघात झाला तो या गुंतलेल्या हक्कांवर.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध दुहेरी आहे. एक संबंध अभावाचा. आपल्याकडे बहुतेक ओढे पावसाळ्यात उधाणतात आणि फाल्गुनात कोरडे पडतात, म्हणून पाण्यावरची चक्की इथे रुजली नाही आणि दळणाचा सगळा भार बायकांच्या खांद्यांवर आला. त्या भाराची नोंद जात्यावरच्या ओव्यांत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉटव्हॅं या अभ्यासकांनी पुढाकार घेऊन गोळा केलेल्या ओव्यांची संख्या एक लाखावर जाते. घराटाच्या आठ जणांच्या हातांचा हिशेब करताना हे विसरता येत नाही, की जिथे ते हात मिळाले नाहीत तिथे ते काम पहाटे उठून कोणीतरी करत होते. दुसरा संबंध औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीचा. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात, सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही रचना आकाराला आली. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नहरीतून काही किलोमीटर आणले, उंच भिंतीत चढवले आणि हौदात पाडले. तिथून उतरणारी धार लोखंडी पात्यांच्या चाकावर येते आणि दगड फिरतो. फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी इथे दळण होई. मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या खांबांच्या दालनाचे छत आहे, आणि त्यामुळे ते दालन उन्हाळ्यातही गार राहते. ज्यांच्याजवळ पैसा, कारागीर आणि नहरींचे ज्ञान होते, त्यांनीही दख्खनच्या पठारावर डोंगरी घराटाचेच तत्त्व उचलले: झऱ्याचे कायम पाणी, उंचीवरून सोडलेली धार, चाकावर थेट बसवलेला दगड. ओढा हंगामी होता, म्हणून त्यांनी खर्च यंत्रावर न करता पाण्यावर केला.

मग इतके चोख यंत्र मागे का पडले, हा प्रश्न योग्यच आहे. साधा लाकडी घराट तासाला १० ते १५ किलो दळतो. रस्ता आला, डिझेलची किंवा विजेची गिरणी आली, आणि तेच दळण घटकाभरात होऊ लागले. माणसे मैदानात गेली आणि घराटवाल्याला पुरेल एवढे दळण उरले नाही. कुठे झरे आटले, कुठे जलविद्युत प्रकल्पांनी ओढ्याचे पाणी बोगद्यात घेतले, आणि २०१३ च्या जूनमध्ये उत्तराखंडात आलेल्या महापुरासारख्या आपत्तींनी ओढ्याकाठची वस्तीच धुऊन नेली. यातली पहिली कारणे यंत्राच्या मर्यादेची आहेत आणि ती लपवू नयेत. घराट दरीत असतो आणि गाव उतारावर; दळण डोक्यावरून खाली न्यायचे आणि पीठ वर आणायचे हे कष्ट प्रामुख्याने स्त्रियांचे होते, आणि दाराशी आलेली गिरणी त्यांना हवीशी वाटली यात गैर काही नाही. घराटाच्या पिठाविषयी हल्ली जे औषधी दावे केले जातात, त्यांनीही मी सावध होतो. दगड सावकाश फिरतो, पीठ कमी तापते, चव वेगळी लागते, एवढे म्हणायला आधार आहे. त्यापलीकडे जाहिरात सुरू होते. पण नंतरची कारणे यंत्राची नाहीत, ती पाण्याच्या आणि धोरणाच्या वाटणीची आहेत. डेहराडूनच्या हेस्को या संस्थेने अनिल प्रकाश जोशी यांच्या पुढाकाराने घराटांची चाके आणि बेअरिंग सुधारली, दिवसा दळण आणि रात्री काही दिव्यांपुरती वीज असा दुहेरी उपयोग करून दाखवला. नेपाळातही सुधारित घट्टांचा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. या सुधारणांत गूल, उभा कणा आणि त्यावर बसवलेला दगड ही मांडणी तशीच राहिली. पाती बदलली, टेकण बदलले, आणि दळण दुपटीच्या वर गेले. ज्या रचनेत दोन सुटे भाग बदलून इतका फरक पडतो, तिचा पाया बरोबर होता असेच म्हणावे लागते.

घराटाची नोंद करणाऱ्यांकडून एक मागणे मात्र आहे. आजवर मोजले जाते ते चाक आणि दगड, कारण ते छायाचित्रात मावतात. त्याऐवजी आधी गुलीची लांबी आणि तिचा उतार मोजावा, पन्हळीची वरची व खालची रुंदी लिहून घ्यावी, खालच्या घराटापर्यंतची उंची टिपावी, आणि पाण्याची पाळी कोणाकडून कोणाकडे कधी जाते हे विचारून घ्यावे. चाक कुजले तर नवे घडवता येते. गूल एकदा दरडीखाली गेली आणि तिच्या पाळ्या ठाऊक असलेले लोक गाव सोडून गेले, की उरतात ते ओढ्याकाठचे दोन वाटोळे दगड, आणि ते कोणीतरी उंबऱ्याच्या पायरीसाठी नेतो. म्हणून पुढची पानेही चाकापासून सुरू होत नाहीत. ती आश्विनातल्या ओढ्यापासून सुरू होतात, जिथे पावसाने नेलेल्या बांधाच्या जागी पुन्हा पहिला धोंडा ठेवला जातो आणि महिनोन्‌महिने कोरड्या पडलेल्या पाटात पाणी वळते.